पुरावा कुणी द्यायचा?

साल १९६७. दक्षिण व्हिएतनाममधल्या बिएन होआच्या हवाई तळावर तुम्ही उभे आहात. वय वीस, अंगावर अमेरिकी लष्कराचा गणवेश. समोर २०८ लिटरची पिंपं रचलेली, प्रत्येकावर नारिंगी पट्टा. त्या पट्ट्यावरूनच नाव पडलंय, ‘एजंट ऑरेंज’. पंप लावून तुम्ही ते सी-१२३ विमानाच्या टाकीत भरता. थोडं मनगटावर सांडतं. तुम्ही पँटला हात पुसता. वरिष्ठ म्हणतात, झाडांची पानं गाळणारं औषध आहे, माणसाला काही होत नाही. त्यात डायॉक्सिन हे विष आहे, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. रिकामी पिंपं जवान आंघोळीच्या पाण्यासाठी वापरतात.

१९७९. तुम्ही मायदेशी आहात. मानेवरच्या गाठी हॉजकिनच्या कर्करोगाच्या निघाल्यात. माजी सैनिकांच्या कचेरीत कारकून तुमचा अर्ज उलटून पाहतो.

“हा आजार फवारणीमुळेच झाला, याचा पुरावा?”

तुम्ही मनगट पुढे करता. तिथे आता काहीच दिसत नाही. क्लोरॅक्ने या त्वचारोगापलीकडे सरकार काही मान्य करत नाही. अर्ज नामंजूर.

१९८४. माजी सैनिकांच्या दाव्यात रसायन कंपन्या १८ कोटी डॉलरवर तडजोड करतात, दोष मात्र कबूल करत नाहीत. १९८८. ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी नदीकाठी फवारणीचा हुकूम दिला होता. त्याच नद्यांवर गस्त घातलेला त्यांचा मुलगा कर्करोगानं जातो, वयाच्या ४२व्या वर्षी.

फेब्रुवारी १९९१. नवा कायदा येतो आणि सगळं उलटं फिरतं. तुम्ही व्हिएतनाममध्ये होतात आणि आजार यादीत आहे, एवढं पुरे. आजाराचा फवारणीशी संबंध सरकारच गृहीत धरतं. काही वर्षांत तुमचा हॉजकिनही यादीत येतो आणि अपंगत्वाचा भत्ता सुरू होतो. पुढे मधुमेह आणि पार्किन्सन येतात. २०२२च्या ‘पॅक्ट’ कायद्यानं उच्च रक्तदाबही येतो. तोवर तुम्ही पंचाहत्तरीत, आणि तुमच्या तुकडीतले कित्येक जण वाट पाहून गेलेले.

ज्या शेतांवर फवारणीचे ढग उतरले, तिथल्या व्हिएतनामी माणसांना या भत्त्यात जागा नाही. त्यांचा दावा अमेरिकी न्यायालयानं २००५मध्ये फेटाळला.

ज्यानं विष फवारलं, त्यानंच आजाऱ्याकडे पुरावा मागणं हा अन्याय आहे. पुराव्याचं ओझं सरकारनं उचलायला हवं, आणि तेही माणूस हयात असताना.