श्रावणमासची दक्षिणा व तिचे परीक्षक

विद्येस द्रव्य द्यावयाचें तर पात्रता कोणीं ठरवावी, हा प्रश्न आजच्या संशोधन-अनुदानाइतकाच पेशवाईंतील श्रावणमासच्या दक्षिणेसही लागू होता. ही वहिवाट खंडेराव दाभाड्यांनीं तळेगांवीं घातली. पुढें पेशव्यांनीं ती पुण्यास चालविली. शास्त्र्यांची परीक्षा शास्त्रीच घेत. समानविद्य परीक्षकाचा गुण हा कीं, तो खरी विद्या ओळखतो. भय हें कीं, उमेदवार त्याचाच आप्त निघावयाचा.

रामशास्त्री प्रभुणे (मृत्यु इ. स. १७८९) यांची आख्यायिका येथेंच बोधक आहे. त्यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणिसांनीं २० रुपये सुचविले. बंधूंची विद्या सामान्य, सबब इतरांप्रमाणें २ च द्यावे, असें शास्त्रीबोवांनीं सांगितलें.

एल्फिन्स्टननें पुढें दक्षिणेची रक्कम वार्षिक ५०,००० रुपये ठरविली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. तेथेंही परीक्षक लागलेच.

आख्यायिका मात्र पुरावा नव्हे. उमेदवार, परीक्षक, विषय व रक्कम एकत्र देणारी याद मिळेल तरच निवाडा तपासतां येईल. दक्षिणेस दूरदूरचे ब्राह्मण जात. म्हणून अकोला, बाळापूर, वाशीम येथील संग्राहकांनीं जुन्या शास्त्रीघराण्यांच्या रुमालांतील असें चिटोरेंही टाकूं नये.