हेलसिंकीच्या तिकिटाचा हिशोब

खाशाबा जाधवांचं नाव उचगावच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. मला मात्र त्यांच्या डावांपेक्षा त्यांच्या प्रवासखर्चाचा हिशोब जास्त बोलका वाटतो. इंजिनिअरची खोड, दुसरं काय!

1948 च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा सहावे आले. पुढच्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पैलवानांना पोसणारा राजाश्रय संपला. त्याची जागा घेईल अशी सरकारी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. 1952 ची हेलसिंकी स्पर्धा नेमकी या मधल्या काळात आली. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली, सरकारकडून खटपटीनं 4000 रुपये मिळाले. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. कॉलेजच्या क्रीडानिधीतून नव्हे, घरातून! आपल्या सर-मॅडमनी हे वाक्य जरा थांबून वाचावं.

खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि बक्षिसाचे पैसे प्राचार्यांच्या हाती ठेवले. गहाण घर सुटलं.

खाशाबा 1984 साली गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.