'ऐकता' येणारी पीडीएफ बनवायची, तर कोणतं टूल निवडायचं?

ओतूरसारख्या गावात ग्रामसभेची नोटीस असो, शाळेचं परिपत्रक असो की कांदा बाजाराची सूचना, व्हॉट्सअ‍ॅपवर ती बहुतेक वेळा पीडीएफ म्हणूनच फिरते. अंध व्यक्ती ती मोबाईलमधल्या टॉकबॅकवर किंवा कम्प्युटरवरच्या मोफत एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर ऐकते. पण सही-शिक्क्यासाठी प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ फोटो. त्यात ऐकण्यासारखं काहीच उरत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. सरकारी वेबसाइटवरची कागदपत्रं ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये असावीत, असं २०१७ च्या नियमांत म्हटलं होतं. हे नियम नुसत्या शिफारशीसारखे असून चालणार नाहीत, सक्तीचे निकष ठरवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राला बजावलं.

मग टूल कोणतं? बहुतेकांना नवं काही विकत घ्यावं लागत नाही. एमएस वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करताना ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी'वर टिक हवी. 'प्रिंट टू पीडीएफ' मात्र टाळा, त्यात हे टॅग गळून पडतात. वर्ड नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे. त्याच्या ७.० आवृत्तीपासून (२०२०) एक्सपोर्ट करताना 'पीडीएफ/यूए' हा पर्याय मिळतो. हे या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे.

पण टॅग येतात ते मूळ फाइलमधून. शीर्षक नुसतं ठळक करून भागत नाही, त्याला 'हेडिंग' स्टाइल द्यावी लागते. फोटोला वर्णन लागतं.

मराठीची खरी गोची फॉन्टमध्ये आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दिसतो मराठी, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर तीच बडबडतो. त्यामुळे टायपिंग युनिकोडमध्येच हवं.

तपासणीसाठी विंडोजवर पॅक नावाचं मोफत टूल आहे. ते टॅग तपासतं, मराठी नीट वाचली जाते का हे त्याला कळत नाही. त्यासाठी पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षरं फुटली, तर ऐकतानाही गोंधळ होण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही पाठवावी.

जुनी स्कॅन केलेली फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केली, की मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. आकडे आणि आडनावं मात्र मूळ कागदाशी ताडून बघावीच लागतात.