पंख्याची दोरी आणि पेटंटाचा कागद

पेटंटाचा इतिहास म्हणजे शोधक आणि वकील यांचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हां कामगार चळवळीतील माणसांना त्यात तिसराही एक माणूस दिसतो.

१८५६ साली हिंदुस्थानात पेटंटाचा पहिला कायदा झाला. त्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याचे इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांचा. शोध कोणता? छताचा पंखा ओढणारे यंत्र! तासन्‌तास दोरी ओढणाऱ्या पंखेवाल्याचे पुढे काय, हे विचारायला अर्जात रकाना नव्हता. डिपेनिंगांच्या नावाची पेढी पुढे पेटंटाच्याच कामात नावारूपास आली, आणि हा पेशा येथे रुजला.

त्या काळी पेटंटाचे काम करणाऱ्याला चाके नि तरफा कळल्या की भागत असे. आज त्याच्यापुढे संगणकाची आज्ञावली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता उभी आहे. १९७० च्या कायद्याला २००२ साली दुरुस्ती होऊन ठरले की, गणिती वा व्यापारी पद्धत, निव्वळ आज्ञावली आणि गणनविधी यांना पेटंट नाही. आम्हांला हे रास्त वाटते. पाढ्यांवर कोणाची मालकी असते काय? २००४ च्या अखेरीस वटहुकुमाने हे दार किलकिले केले. २००५ साली संसदेने ती सवलत गाळली. पुढे २०१९ मध्ये फेरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालय म्हणाले की, शोधाने तांत्रिक परिणाम साधत असेल, तर तो केवळ आज्ञावलीवर आधारलेला म्हणून नाकारू नये. या पेशाची सारी हुशारी आता 'निव्वळ' या एका शब्दाभोवती फिरते.

पेटंटाची मुदत वीस वर्षे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचे, बळ तेवढ्या काळात ओसरते. आणि फडात तोडणीयंत्र तर आलेच आहे. यंत्राला आमचा विरोध नाही. पण त्याच्या कमाईत वाटा कोणाचा, हा करार कागदावरच होतो. तो कागद वाचणारा माणूस आपल्यातही हवा.

पेटंट एजंट व्हायला वकिलीची पदवी लागत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रविद्येची पदवी घेऊन सरकारी परीक्षा उतरावी लागते. शोध लावणाऱ्याचे नाव पेटंटात नोंदवून घेण्याचा हक्कही कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. कारखान्यातल्या किती कारागिरांना तो ठाऊक आहे? येथील इंजिनियरिंगच्या मुलांनी हा पेशा धरावा आणि पहिला अशील म्हणून अशाच एखाद्या कारागिराला समोर बसवावे, एवढेच आमचे मागणे.