निशाणी हत्याराची

मराठी राज्यातील जुने महजर ज्यांनी चाळले आहेत, त्यांना एक गोष्ट परिचयाची असेल. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येऊन त्याचा निवाडा झाला, म्हणजे त्या कागदावर जे साक्षीदार म्हणून उभे राहत, त्यांपैकी वतनदार अधिकाऱ्यांचे शिक्के उठत, लिहिता येणारे आपल्या हाताने नाव घालीत. परंतु ज्यांना अक्षराची ओळख नव्हती, त्यांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या उद्योगाची आकृती काढली जाई. पाटलाच्या नावाशी नांगर असे, सुतार-लोहारादी बलुतेदारांच्या नावांशी त्यांच्या कसबाचे हत्यार असे, आणि ती निशाणी शिक्क्याइतकीच ग्राह्य मानली जाई. जुनी हत्यारे जमविण्याचा छंद ज्यांना केवळ विक्षिप्तपणा वाटतो, त्यांच्यापुढे हे महजर ठेवावेत असे मला मनापासून वाटते. कारण ज्या माणसांनी आमची घरे, औते, गाड्या आणि देवळांचे सभामंडप उभे केले, त्यांनी आपल्यामागे ठेवलेला स्वतःच्या हातचा दस्तऐवज म्हणजे त्यांची हत्यारेच होत.

आमचे दफ्तर कमी समृद्ध नाही. पेशवे दफ्तराच्या रुमालांतून गावोगावची जमाबंदी, वतनदारांचे हक्क, इनामांच्या सनदा, खर्चाच्या यादी, सारे काही निगुतीने नोंदलेले सापडते. बारा बलुतेदारांत सुतार आणि लोहार हे पहिल्या ओळीतले, म्हणजे खळ्यावरच्या धान्यातून ज्यांना मोठा वाटा मिळे अशांपैकी, हेही कागद सांगतो. पण तो सुतार बसे कसा, कोणते हत्यार कोणत्या हातात धरी, दिवसभर कामाचा भार त्याच्या शरीरावर कोठे पडे, याविषयी कागद मुका आहे. लिहिणारा वर्ग निराळा आणि राबणारा वर्ग निराळा, अशी समाजाची विभागणी शतकानुशतके चालत आल्यामुळे श्रमाचा तपशील लिहून ठेवण्याजोगा आहे असे कोणास वाटलेच नाही.

माझ्या संग्रही देशावरच्या एका खेड्यातून आलेला वाकस आहे. त्याचे पाते दगडावर घासून घासून इतके आखूड झाले आहे की, मूळचे निम्मेदेखील उरले नसावे. दांडा बाभळीचा असून तो एकदा तरी बदललेला असावा, कारण पात्याच्या मानाने तो नवा दिसतो. तथापि त्यावरही जेथे अंगठा टेकतो तेथे एक उथळ खळगा पडला आहे आणि तेवढा भाग घामाने व तेलाने काळाभोर होऊन काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. आमचा गावसुतार मेजाशी उभा राहून काम करीत नसे. तो जमिनीवर बसे, लाकूड पायांनी दाबून धरी, आणि वाकसाचा घाव आपल्या अंगाच्या दिशेने घाली. त्याच्या जुन्या करवतीचे दातही ढकलताना नव्हे, ओढताना कापावे असे घातलेले असत. हा वाकस मी एका वृद्ध सुताराच्या हाती दिला, तेव्हा त्याने पाते उजेडात धरून दोन-तीन वेळा फिरविले आणि म्हटले, "हा गडी डावरा होता बघा. धार ह्या कोपऱ्याला जास्त खाल्लीया." ज्याचे नाव, गाव, काळ यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते, त्या माणसाविषयीची पहिली खात्रीची माहिती मला अशी मिळाली.

लोखंड टिकाऊ, तेव्हा जुनी हत्यारे विपुल उरली असतील, असा समज साहजिक आहे. पण वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. लोखंड टिकाऊ असल्यामुळेच ते कोणी टाकून देत नसे. फाळ बोथटला की लोहाराकडे नेऊन शेवटून आणावयाचा, पुन्हा झिजला की पुन्हा शेवटावयाचा, आणि अगदीच निकामी झाला म्हणजे त्याचे खुरपे किंवा विळा करावयाचा, ही सर्वत्र वहिवाट होती. झिजलेल्या कानशीतून पटाशी निघे. पुढे मोटारी आल्यावर त्यांच्या कमानीच्या पाट्यांतून कोयते आणि कुऱ्हाडी निघू लागल्या. या काटकसरीस कारणही तसेच सबळ होते. महाबळेश्वराच्या डोंगरांत धावड लोक स्थानिक दगडातून लोखंड गाळीत, आणि लाकडाचा कोळसा, भाता व अपार कष्ट यांच्या बळावर निघणारे ते लोखंड मोलाचे असे. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त दराने बंदरांत उतरू लागले, कोळशासाठी झाडे तोडण्यावर जंगल खात्याचे निर्बंध आले, आणि त्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. परंतु लोखंड जपण्याची सवय मात्र गावच्या लोहारशाळेत कितीतरी काळ टिकून राहिली. म्हणून जे हत्यार आज आपल्या हाती येते, ते बहुधा एखाद्या घराण्यातले शेवटचे असते. त्याला पुन्हा ऐरणीवर चढविणारे कोणी उरले नाही, एवढ्याच कारणाने ते वाचले.

ही घराणी कशी थांबली, त्याचा इतिहास मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बाधते या समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास प्रारंभी बिचकले. तथापि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे कारखान्यातला नांगर शिवारात रुजला. त्याबरोबर लाकडी नांगर दरसाल भरून देणाऱ्या सुताराचे बलुतेही ढिले पडत गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला, तो या मोडत्या व्यवस्थेचा साक्षीदार आहे. या स्थित्यंतराबद्दल केवळ हळहळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. बलुत्यात आधार होता, तशी जन्माने जखडणारी बेडीही होती, आणि ज्या सुताराचा मुलगा गिरणीत किंवा कारखान्यात गेला त्याने ती तोडली, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात रोजच्या वापरातल्या जिनसांना संग्रहालयाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय निःसंशय दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने 1920 च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती, वज्र्या, भांडी असे हजारो जिन्नस मिळविले, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो अवघा संग्रह लोकांच्या स्वाधीन केला. पुण्यातील त्या दालनांतून फिरताना घडणाऱ्याच्या प्रतिभेने मन भरून येते. तरीही एक रुखरुख राहतेच. मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता आपण काचेआड जपतो, परंतु त्या मोराची पिसे ज्या छिन्नीने कोरली ती छिन्नी जपावी, असे संग्राहकांच्या मनात क्वचितच आले.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशी हत्यारे अजूनही भंगारात पडलेली दिसतात. ती घेणारे हौशी लोक आता वाढले आहेत, याचा आनंदच आहे. पण घरी आणताच गंज खरवडून, दांड्याला वार्निश चढवून ती दिवाणखान्यात टांगण्याची जी चाल पडत आहे, ती मला अत्यंत घातक वाटते. घामाचा काळा थर, उलट्या बाजूस ठोकलेली पाचर, फुटलेल्या दांड्याला आवळलेली तार, हीच तर त्या हत्याराची कैफियत असते. तेलाचा हात फिरवावा, गंज पुढे सरकणार नाही एवढे पाहावे, आणि ते कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे, कोणत्या कामाचे, हे विकणाऱ्याला विचारून त्याच दिवशी वहीत टिपावे.

अशाच एका ढिगात मला सागवानी फूटपट्टी मिळाली. तिच्या एका अंगावर इंचांच्या छापील रेघा आहेत, आणि पाठीवर कोणी पटाशीच्या टोकाने तसूच्या खुणा कोरल्या आहेत. चोवीस तसूंचा गज हे आमच्या सुतारांचे जुने माप. 1956 च्या कायद्याने पुढे मीटर आला तो या दोहोंच्या नंतर. वखारीत लाकूड फुटाच्या हिशेबाने विकत घ्यावयाचे, आणि चौकटीचे माप मात्र घरधन्याला समजेल अशा तसूत सांगावयाचे, असा दुहेरी व्यवहार त्या अनाम कारागिराने एकाच पट्टीवर वर्षानुवर्षे चालविला असला पाहिजे, कारण दोन्ही अंगांच्या रेघा सारख्याच पुसट झाल्या आहेत.