बसायचं हाड

भिवंडीच्या पद्मानगरचे एक आजोबा माझ्याकडे यायचे ते काखेत उशी घेऊनच. दुखणं कुठे, हे सांगायला लाजायचे. शेवटी पुटपुटले, ‘‘मॅडम, बसायचं हाड टोचतं.’’ सगळं आयुष्य हातमागाच्या फळीवर गेलेलं. त्या हाडाखाली एक पातळशी पिशवी असते, ती दाबून-घासून सुजते. इंग्रजी डॉक्टरीत या दुखण्याचं नावच ‘विणकराचं बूड’ आहे. हे ऐकल्यावर आजोबांची लाज पळाली. पुढच्या खेपेला मित्रालाही घेऊन आले.

वीस वर्षं इथेच कल्याण नाक्याजवळ फिजिओथेरपी करतेय. कुठे दुखतं ते कळलं की माणूस भिवंडीच्या कोणत्या काळातला, याचा अंदाज येतो.

1857 नंतर उत्तरेतून मोमीन विणकर इथे आले, पुढे तेलुगू पद्मशालीही. तेव्हा काम बसून होतं. 1930 च्या सुमारास यंत्रमाग आले नि विणकर उठून उभा राहिला. दुखणं गुडघ्यात उतरलं. बारा तासांची पाळी, एकाकडे चार-सहा माग, खाली फरशी. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचं काम इकडे वळलं; गिरण्यांनी मोडीत काढलेले मागसुद्धा इथे पुन्हा धडधडू लागले. तेव्हा विशीत आलेली पोरं आज साठीत आहेत. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली. एक्स-रे बघून घाबरतात, पण फोटोतली झीज आणि वेदना यांचा मेळ बसेलच असं नाही. मांडीचा स्नायू मजबूत झाला की बऱ्याच जणांना जिना सोपा होतो. कापडाची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, पाय ताठ करून ती दाबायची, पाच-दहा आकडे धरायची, सोडायची. एक चाचा म्हणाले, ‘‘कापडानंच घालवलं, आता त्याच्यावरच जोर काढतो.’’

हल्ली कंबरा येतात. मुंबईची जकात चुकवायला माल हद्दीबाहेर उतरायचा, त्यातून मानकोली, काल्हेर, राहनाळची गोदामं वाढली. 2017 मध्ये जकात गेली, गोदामं राहिली. ऑनलाइन खरेदीने आणखी फुगली. खोकं वाकून उचलायचं आणि त्याच झटक्यात कंबरेत वळायचं, मणक्यातल्या चकतीला याहून वाईट काही नाही. पूर्वी डॉक्टर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. आम्ही दुसऱ्या दिवसापासून चालायला लावतो. पायात उतरलेली कळ बहुतेकांची दीड-दोन महिन्यांत ओसरते. मात्र लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर माझ्याकडे न येता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

परवा एका गोदामातला पोरगा आला, चोवीस-पंचवीसचा. हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, मुकादम तीनच दिवस देतो. तीन दिवसांत बसेल असं काही सांगा.’’