सायकोसिस (आरंभीचा) आणि आक्रमकता

नसलेले आवाज ऐकू येणे, घरचेच भाजीत विष कालवतात असा पक्का संशय बसणे ही सायकोसिसची ठळक लक्षणे. सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. समोरचे ताट भिरकावणे, आतून कडी लावून बसणे, आडव्या आलेल्या माणसावर धावून जाणे हे सारे पुष्कळदा भीतीपोटी घडते. बहुतेक रुग्ण मात्र कुणालाही इजा करीत नाहीत. सिनेमातला ‘वेडा’ निराळा.

उपचारांनी आक्रमकता घटते का? घटते. नीलसन आणि लार्ज या संशोधकांनी २०१० साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. उपचारांपूर्वीच्या पहिल्या झटक्यात सुमारे ६३० रुग्णांमागे एकाच्या हातून हत्या घडली होती. उपचारांनंतर हे प्रमाण वर्षाला साधारण ९,००० मागे एक इतके उतरले. स्वीडनमधील २०१४ च्या अभ्यासात मनोविकारविरोधी औषधे चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. दारू-गांजा सुटला नाही तर धोका पुन्हा वाढतो.

म्हणजे घोडे अडते ते उपचारांना होणाऱ्या उशिरापाशी. बार्शीटाकळीसारख्या गावाहून अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काही फार लांब नाही. पण ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू झाले, की तेवढी वाटही लांबते. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तिच्यावर मराठीत बोलता येते.